आठ पाण्यांचं लिग्निन

लग्न झालं तेव्हा मी लातूरला होते आणि हे नांदेडला. मी एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, हे नांदेडच्या बाहेर नदीच्या अंगाला असलेल्या एका छोट्या कागद कारखान्यात केमिस्ट. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. आठवड्यातनं दीड दिवसाचा संसार. आणि त्या दीड दिवसात हा माणूस बोलणार कशावर, तर लिग्निनवर! माझी आई म्हणायची, "जावई बोलतात भरपूर, पण कुणाबद्दल बोलतात ते काही कळत नाही बाई."

आता लिग्निन म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. शिकवायची खोड आहे, जाणार नाही. लाकडात धागे असतात, त्यांचा कागद होतो. ते धागे एकमेकांना चिकटवून धरणारा जो पदार्थ, तो लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते त्याच्या जिवावर. ह्यांच्या कारखान्यात इस्लापूरकडून बांबूच्या गाड्या यायच्या, बांधाबांधावरची सुबाभूळ यायची. त्याचे तुकडे कॉस्टिक सोड्यात शिजवले की लिग्निन विरघळून सुटं होतं. धाग्यांचा लगदा कागदाला जातो, आणि मागं राहतं काळं पाणी. काकवीसारखं दाट, आणि वास असा की नाक धरून पळावं. मोठे कारखाने ते आटवून भट्टीत जाळतात. ह्यांच्या शेठजींकडं तेवढी यंत्रं नव्हती, म्हणून ते सरळ नाल्यात जायचं. खालच्या गावातल्या म्हशी त्या नाल्याला तोंड लावत नव्हत्या.

ह्यांचा जीव त्या नाल्यापाशी तुटायचा. "अगं, डिंक आहे तो! झाडानं शंभर वर्षं वापरलेला डिंक, आणि आपण गटारात सोडून राहिलो!" त्या काळ्या पाण्यातनं काय काय निघू शकतं ह्याची यादी त्यांना तोंडपाठ होती. सिमेंटमध्ये घालायचं द्रव्य निघतं, चामडं कमवायला निघतं, आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वाससुद्धा निघतो. एका शनिवारी खरंच एक बोटाएवढी कुपी घेऊन आले. पायातले बूटही काढले नव्हते. "हुंग," म्हणाले. मी हुंगलं. अगदी पुसट, पण होता वास. मी म्हटलं, "नवरा गजरा घेऊन येतो म्हणतात. माझा नवरा गटार घेऊन आला, पण चांगल्या वासाचं." इतके हसले की शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. तेव्हा आम्ही फार हसायचो.

पण त्यांचं खरं लक्ष डिंकावर होतं. भुश्शाच्या, छिलक्याच्या फळ्या चिकटवायला जो डिंक लागतो त्यात फिनॉल, फॉर्मलीन आणि थोडं कॉस्टिक असतं. त्यातलं अर्धं फिनॉल काढून लिग्निन घालायचं, असा त्यांचा बेत. कृती सांगायला सोपी. काळं पाणी गरम करायचं, त्यात बेताबेतानं गंधकाचं ॲसिड सोडायचं, की लिग्निन काथासारखा गाळ होऊन खाली बसतं. गाळ कापडावर घ्यायचा आणि धुवायचा. हे धुणं महत्त्वाचं. ॲसिड आणि सोडा मिळून एक मीठ तयार होतं, सल्फेट, ते गाळात लपून बसतं. ते राहिलं तर फळी पाणी ओढते, फुगते आणि सुटते. म्हणून आठ पाणी. दरवेळी नवं, स्वच्छ पाणी. आठव्या पाण्याचा थोडा नमुना परीक्षानळीत घेऊन त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायचे. पांढरं झालं तर मीठ आहे, तसंच राहिलं तर गाळ साफ. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली साधी टेस्ट. मी ती किती पोरांना शिकवली असेल, देव जाणे.

नांदेडला त्यांनी पंजाएवढ्या फळ्या करून बघितल्या होत्या. गोदावरीकाठी पाण्याला काय तोटा! स्वतः आठ आठ पाणी देऊन धुवायचे. त्या फळ्या बादलीत बुडवून ठेवल्या, महिनाभर. काही झालं नाही त्यांना. मला बोटानं दाबून दाखवायचे. "बघ, फुगली का? बघ ना!" नाही फुगली म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे. आमचं लातूर नुसतं हललं, भिंतींना भेगा पडल्या, पण तिकडं किल्लारीच्या अंगाची गावंच्या गावं झोपली ती झोपलीच. आमच्या कॉलेजनं ज्या गावाचं काम घेतलं होतं तिथं मी दर रविवारी जायची, आणि हे आले की हेही यायचे. त्या गावाविषयी मी जास्त सांगणार नाही. सांगता येत नाही.

तिथं पत्र्याच्या शेडच्या पहिल्या रांगेत एक मावशी राहायच्या. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळी दगडाखाली गेलेली. मावशी त्या रात्री अंगणात बाजेवर झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. वाचल्या म्हणायचं आपलं. शेडला पत्र्याचं दार होतं, ते वाऱ्यानं आपटायचं, आणि प्रत्येक वेळी मावशी उठून बाहेर पळायच्या. आम्ही चादरी वाटत होतो तर त्या ह्यांना म्हणाल्या, "सायेब, चादर नगं. दार द्या. पत्र्याचं नगं, सागवानाचं नगं. अंगावर पडलं तरी माणूस मरू नये असलं हलकं दार हाय का कुठं?"

हे म्हणाले, "हाय मावशी. मी करून देतो."

घरी आल्यावर कागद घेऊन बसले आणि हिशेब मांडला, किती काळं पाणी, किती भुस्सा, किती डिंक. भुश्शाची फळी हलकी असते, ताटासारखी हातात धरता येते. शेडच्या पहिल्या रांगेला बारा दारं. एमआयडीसीत प्लायवूडची, फ्लशची दारं करणारे एक काका होते, त्यांच्याकडं गरम प्रेस होता, रविवारी तो मोकळा असायचा. काका भूकंपात स्वतः भाऊ गमावून बसलेले, त्यांनी लगेच हो म्हटलं. शेठजींचं मात्र मन वळेना. शेवटी त्यांनी एकच अट घातली. दारं एक पावसाळा टिकली तर लिग्निन काढायचं युनिट टाकतो, काळं पाणी नाल्यात जाणं बंद. नाही टिकली तर लिग्निन हा शब्द माझ्या केबिनमध्ये काढायचा नाही. आणि हो, धुण्याबिण्याचा पसारा इथं नको, इथं कागद होतो.

म्हणजे सगळं एका पावसाळ्यावर आलं. मावशीचं दार, कारखान्याचा नाला आणि माझ्या नवऱ्याची दहा वर्षं.

गाळ टेम्पोतनं आमच्या घरी आला, प्लास्टिकच्या पिंपांत. दिवस उन्हाळ्याचे, वैशाखाच्या तोंडाचे. ह्यांना सुट्टी मिळेना, कारखान्यात रोजचं काम होतं. जाताना माझ्या हातात वही दिली आणि म्हणाले, "मॅडम, धुण्याचा जिम्मा तुमचा. माझ्यापेक्षा तुमचा हात साफ आहे." मॅडम म्हणायचे मला, चिडवायला. मी म्हटलं, "निघा. गाडी चुकेल."

आता पुढचं सांगायचंच आहे.

ज्यांनी लातूरचा उन्हाळा काढलेला नाही त्यांना हे पटणार नाही. नळ आठवड्यातनं एकदा यायचा. लहानपणी मी तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं म्हणून वडिलांनी मला थोबाडीत दिली होती. आयुष्यात तेवढी एकच. आमच्यात तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला जातं, भांड्याचं झाडाला जातं. शिळं झालं म्हणून पाणी कुणी फेकत नाही. आणि मी अंगणात पिंपं मांडून, टाकीतलं गोडं पाणी बादल्या बादल्यांनी त्या गाळावर ओतायचं आणि गटारात सोडून द्यायचं. एकदा नाही, आठदा. प्रत्येक पिंपाला.

नळ आदल्या दिवशीच येऊन गेला होता. टाकी काठोकाठ भरलेली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

पहिलं पाणी दिलं. तपकिरी लोंढा गटाराला लागला. दुसरं दिलं. गल्लीतल्या बाया हापशावरनं घागरी घेऊन येत होत्या. भिंतीपलीकडं एक जण थांबली, घागर कमरेवर तशीच, आणि म्हणाली, "मॅडम, लई झालं का वो पाणी तुमच्याकडं?" रागानं नाही म्हणाली. नुसतं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरं पाणी मी कसंबसं दिलं. चौथ्याला बादली उचलली आणि हात पुढं जाईना. मग मी काय केलं, तिसऱ्याच पाण्याचं खाली साठलेलं धुवण परत वर ओतलं. आणि पुन्हा तेच. घरातला तांदूळ धुते तसं. त्याला धुणं म्हणत नाहीत हे काय मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. एम.एस्सी. झालेली बाई मी.

त्यातच दारात पोरं येऊन उभी राहिली. त्या सुमाराला लातूरला शिकवण्यांचं पेव फुटायला लागलं होतं. धर्माबादपासनं, उदगीरपासनं आईबाप ट्रंका घेऊन पोरांना सोडायला येत होते. आमच्या पुढच्या खोलीत माझीही बॅच चालायची, सतरंजीवर चाळीस पोरं. पाचची वेळ झाली होती आणि माझे हात कोपरापर्यंत तपकिरी. घाईघाईनं परीक्षानळीत नमुना घेतला आणि बेरियमचे थेंब टाकले. दुधासारखं पांढरं झालं.

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक रीत असते. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक. रीडिंग चुकलं आणि तास संपत आला तर जे यायला हवं ते लिहायचं. पोरं लिहितात, आम्ही सही करतो, जर्नल पूर्ण होतं, मार्क मिळतात. मी वर्षानुवर्षं अशा जर्नलांवर सह्या केल्या होत्या. हात धुतले, वही उघडली आणि लिहिलं, आठ पाणी दिली, बेरियम टेस्ट नकारार्थी. सुंदर अक्षरात. वहीचं पान कोरडं होईपर्यंतही थांबले नाही, बॅचवर गेले. आठवतं, त्या दिवशी विषय होता मीठ ओळखण्याचा.

मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

दारं झाली. काय दिसायची म्हणून सांगू! गुळाच्या रंगाची, गुळगुळीत. हे रविवारी प्रेसपाशी उभे राहून एकेक दार बाहेर येताना बघायचे आणि माझ्याकडं वळून नुसते हसायचे. आम्ही टेम्पोत घालून गावाला नेली. मावशींनी दार बसवायच्या आधी काय करावं? हातात घेतलं, डोक्यावर ठेवलं, आणि दोन्ही हात सोडून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई मरत." सगळी रांग हसली. मग रडली. त्या दुपारी मावशी दार लावून आत झोपल्या, भूकंपानंतर पहिल्यांदा, आणि हे बाहेर उन्हात पायरीवर बसून राहिले, कुणी कडी वाजवू नये म्हणून.

आषाढ धरला. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की दारं बघून जा. आम्ही गेलो. बाराच्या बारा दारं खालून फुगली होती, कडा उमलल्या होत्या, भुश्शाचे पापुद्रे हाताला येत होते. उघडीप होऊन जिथं सुकलं होतं तिथं कडेनं पांढरा खार फुटला होता. मला बघताक्षणी कळलं तो कशाचा. ह्यांनी तो बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि म्हणाले, "डिंकात मी कॉस्टिक जास्त घातलं वाटतं."

तेव्हा बोलायचं होतं. तिथंच, चिखलात उभं राहून. तोंड उघडलंसुद्धा होतं मी.

पण मावशी पुढं आल्या. ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा दोष न्हाई लेकरा. आमच्या नशिबातच पडणं लिवलंय, तुमी काय करनार?" त्यांनी समजूत घातली, वाईट काहीच म्हणाल्या नाहीत. पण त्या वाक्यानं माझा नवरा मोडला. शेडमागं जाऊन उलटी केली त्यांनी. मी पाठ चोळत राहिले आणि गप्प बसले.

पुढचे कितीतरी शनिवार त्यांनी वही चाळण्यात घालवले. तापमान तपासलं, फॉर्मलीन तपासलं, प्रेसचा दाब, भुश्शाची ओल, सगळं. प्रत्येक पानावर लाल पेनानं प्रश्नचिन्हं. माझं पान आलं की नजर न थांबवता उलटायचे. त्या पानावर एकही लाल खूण नाही. शेवटी त्यांनी वहीच्या अखेरीला लिहिलं की लहान प्रमाणात जमतं ते मोठ्या प्रमाणात जमत नाही, माझी समज अपुरी पडली. आणि वही बंद केली.

शेठजींनी शब्द पाळला, ती चर्चा पुन्हा नाही. नाला काळाच राहिला. दोनेक वर्षांनी खालच्या गावांची तक्रार वर गेली आणि कारखान्याला कुलूप लागलं. हे बॅग घेऊन लातूरला आले ते कायमचे.

आणि इथं मला माझ्याविषयी एक घाण गोष्ट सांगायची आहे. मला आनंद झाला. लग्नानंतर पहिल्यांदा माझा नवरा सोमवारी सकाळी माझ्या घरात होता. चहा पीत होता. दारं टिकली असती तर युनिट उभं राहिलं असतं, हे नांदेडलाच राहिले असते, माझ्या वाटणीला जन्मभर दीड दिवस आला असता. असा विचार मी केला. एकदा नाही, पुष्कळदा केला. खरं सांगून टाकलं असतं तर ते पुन्हा नांदेडला गेले असते, पुन्हा गाळ, पुन्हा ॲसिड. म्हणून आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. मग पोरं झाली, क्लास वाढला, आणि सांगायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगायला लागले. राहून गेलं नव्हतं. मी ठेवलं होतं.

क्लासमध्ये त्यांनी ऑरगॅनिक घेतलं. फार नाव झालं. पत्र्याच्या हॉलमध्ये दोनशे दोनशे पोरं, माइक लावून शिकवायचे, सर आले की टाळ्या पडायच्या. मी दाराशी उभी राहून ऐकायची. सगळं शिकवायचे, पण लाकडाचा, कागदाचा भाग आला की आवाज एकदम सपाट व्हायचा. एकदा एका पोरीनं उठून विचारलं, "सर, सेल्युलोज काढल्यावर लिग्निनचं काय करतात?" हे म्हणाले, "काही करत नाहीत. परीक्षेला येत नाही, पुढं चला." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तीच पोरगी. पुढं शिकत शिकत मोठ्या संशोधन संस्थेत गेली. दारांच्या गोष्टीला वीस वर्षं होत आली असतील, एक दिवस पेढे घेऊन घरी आली. म्हणाली, "सर, मी लिग्निनवर काम करून राहिले. तुम्ही कधीकाळी त्याचा डिंक केला होता म्हणे, एमआयडीसीतले काका सांगत होते." जगात आता त्याच्या मागं लोक कसे लागलेत ते सांगत सुटली. डिंक, व्हॅनिला, कार्बनचे धागे. माझा नवरा ऐकत होता आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. मग उठले, माळ्यावरनं ट्रंक काढली, आणि वही तिच्या पुढ्यात ठेवली. "घेऊन जा. कसं करू नये ह्यासाठी उपयोगी पडेल."

ती तिथंच टेबलाशी बसून वाचायला लागली. हुशार पोर. पानापानाला मान डोलवत होती. "सर, हे तर अगदी बरोबर आहे... हे पण..." मग शेवटच्या पानांवर आली. "पांढरा खार? सर, हे कॉस्टिकचं नाही वाटत मला. सल्फेट असणार. लिग्निन नीट धुतलं गेलं नाही की अस्संच होतं, आमच्याकडं पण एकदा झालं."

हे हसले. किती सहज हसले. "नाही गं, ती शक्यता सोड. धुणं मॅडमनी केलंय."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

ती रात्र कशी काढली ते विचारू नका. सकाळची बॅच संपवून हे घरी आले, पायरीवर बसून चपला काढत होते. मी म्हटलं, "अहो, मी आठ पाणी दिली नव्हती."

"कशाला?"

"गाळाला. दारांच्या."

त्यांनी चपलेवरचा हात तसाच ठेवला. "किती दिली?"

"तीन. पुढं तेच तेच धुवण फिरवलं. बेरियम टाकलं तर पांढरं झालं होतं. मी खोटं लिहिलं."

मग म्हणाले, "टाकीत पाणी नव्हतं का?"

किती सोपं होतं नाही म्हणणं! त्यांनी मला वाट करून दिली होती. वीस वर्षांनंतरसुद्धा माझीच बाजू शोधत होते. पण मी म्हटलं, "होतं. भरलेली होती."

मला वाटलं ओरडतील. वाटलं वही तोंडावर फेकतील. फेकायला हवी होती, मी तयार होते. पण त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, तसा मी त्या कुपीच्या दिवसानंतर बघितलाच नव्हता. "म्हणजे माझं बरोबर होतं?" म्हणाले. मी मान हलवली. "म्हणजे मोठ्या प्रमाणातसुद्धा जमत होतं? आठ पाणी दिली असती तर दारं टिकली असती?"

"टिकली असती हो."

"बरोबर होतं की गं माझं!" आनंदानं म्हणाले. माझ्यावर रागवायचंसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. एवढं एक वाक्य होतं, आणि ते वीस वर्षं माझ्यापाशी होतं. मी रोज त्यांना जेवायला वाढत होते आणि ते वाक्य तेवढं वाढत नव्हते.

चपला पुन्हा पायात घालून ताडकन उभे राहिले. "चल. आवर पटकन. दहाची एसटी मिळेल. मावशीला सांगून येऊ. तुमच्या नशिबात काही नव्हतं, नुसतं धुवायचं राहिलं होतं, एवढंच सांगायचं. तिला कळलं पाहिजे ते."

मी म्हटलं, "अहो..."

"काय? चल ना."

"अहो, मावशींना जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हीच गेला होता की मातीला."

माझ्याकडं बघत राहिले. "हो की," म्हणाले. "हो की गं." आणि खाली बसले, चपला पायात तशाच. मग माझा नवरा रडला. मला शेजारी बसायचं होतं, पाठीवर हात ठेवायचा होता. पण त्या पाठीवर हात ठेवायचा हक्क मला राहिला आहे की नाही, हे मला कळेना. मी चौकटीला धरून उभीच राहिले.